तोतारामचं टेबल

बोदवडच्या बाजारगल्लीतल्या तोताराम चर्मकाराला चार हात होते. दोन सगळ्यांना असतात तिथे, आणि दोन कमरेच्या खाली. तुमचे-आमचे पाय चालतात, फार तर लाथ मारतात. तोतारामचे पाय कामाला जायचे. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत तो चामड्याची वादी पकडायचा, ती एखाद्या हमालानं ओढली तरी निसटायची नाही. डाव्या टाचेखाली चपलेचा तळ दाबलेला असायचा. मग वरचे दोन हात मोकळे. एकानं चामडं ताणायचं आणि दुसऱ्यातली रापी, म्हणजे चामडं कापायचं ते रुंद पात्याचं हत्यार, एका दमात पुढे सरकवायची. रेघ इतकी सरळ निघायची की समोरच्या कापडदुकानातले गौतमचंदशेठ आपलं गिऱ्हाईक सोडून बघत राहायचे.

त्याचं रोजचं आगमनही बघण्यासारखं होतं. आठाच्या सुमाराला तो गल्लीच्या तोंडाशी दिसायचा. पांढरी टोपी, टोकं वर वळवलेल्या मिशा, काखेत हत्यारांची पिशवी. कडुनिंबाखालच्या आपल्या जागेवर येऊन तो गोणपाट असं झटकायचा की जणू पडदा वर गेला. मग मांडी घालायची, पुढ्यात बापाच्या वेळचा चिंचेचा ठोकळा ओढायचा, दोन्ही पाय कामावर हजर करायचे, आणि खेळ सुरू. ठोकळा झिजून झिजून मधोमध परातीसारखा खोल झाला होता, त्याला आरपार चीर गेली होती. पण पाय शाबूत होते तोवर ठोकळ्याकडे कोण बघतो?

पासष्ट साली, ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी, खेळ संपला आणि नट उठेना. तोतारामनं एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा कडुनिंबाच्या बुंध्याला मिठी मारून तो उभा राहिला, तेव्हा गुडघ्यांतून जो आवाज निघाला तो ऐकून गौतमचंदशेठना वाटलं, आपल्याच दुकानात कुणी मांजरपाट टरकावला.

जळगावच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि धंदा काय म्हणून विचारलं. धंदा ऐकून त्यांनी निकाल दिला: जमिनीवर बसणं बंद. पाय खाली सोडून, टेबलाशी बसून काम करा. नाहीतर वर्षभरानं दोन माणसं लावून उठवावं लागेल.

तोताराम घरी आला तर घरात जावई आलेले. पितांबर धुळ्याकडचा, नरडाण्याच्या कापसाच्या जिनात गाठी मोजायच्या कामाला होता. कापसाच्या गाठींमध्ये राहून माणूस मऊ मनाचा झाला होता. सासऱ्याच्या गुडघ्यांची हकिगत ऐकून त्यानं तिथल्या तिथं तोड काढली. त्यांच्या जिनाच्या फाटकावरचा म्हातारा पहारेकरी सुटणार होता. पितांबरनं आपल्या अहिराणीत समजावून सांगितलं, "मामा, नोकरी चांगली शे. फाटकवर खुर्ची शे. बसानं, बिडी वढानी, गाडी उनी का फाटक उघडानं. बठ्ठं सुख शे." गाडी आली की फाटक उघडायचं, बाकी सगळं सुखच. पोळ्यापर्यंत जागा धरून ठेवायला तो मॅनेजरला सांगणार होता. त्यापुढे ती दुसऱ्या कुणाला जायची.

 त्या रात्री भाकरी खाताना तोतारामनं आपल्या हातांकडे बघितलं, मग पायांकडे बघितलं. चौघांनाही जन्मभराचा हुन्नर होता. त्या चौघांनी मिळून एक फाटक उघडायचं. पत्नीला, कुंदाबाईला, ते बघणं समजलं. तिनं त्याच्या ताटात न मागता अजून एक भाकरी टाकली.

पोळ्याला अडीच महिने होते, आणि पोळा म्हणजे तोतारामचा हंगाम. बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे, चाबकाच्या वाद्या, आणि सणाला पायात नवीन पाहिजेत म्हणून चपला. हे सगळं काम टेबलाशी बसून उरकलं, तर नरडाण्याला नकार द्यायला तोंड राहील. नाही उरकलं तर खुर्ची होतीच.

टेबलाचे पाय गिरधर सुतारानं केले. गिरधर लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं बाभळीचे चार जाडजूड पाय तासले, आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि सांगून टाकलं की यावर हत्ती बसवला तरी हूं की चूं होणार नाही. राहता राहिला वरचा माथा, ज्याच्यावर चामडं ठेवायचं. तिथंच सगळं नाटक अडलं.

कारण चामड्याच्या कामाला हवा असलेला माथा म्हणजे एकाच नटानं राजाही करायचा आणि विदूषकही. ओलं कातडं ठोकून घट्ट करायचं असतं, तेव्हा खालचं अंग दगडासारखं कडक पाहिजे. पण रापीचं पातं आरपार उतरतं, तेव्हा तेच अंग मऊ पाहिजे, नाहीतर पात्याची धार दुपारपर्यंत टिकत नाही. आणि परवडलंही पाहिजे. जळगावात खाटीक लोकांसाठी चिंचेचे मोठे ठोकळे विकायला असतात, ते तोतारामला माहीत होतं. भाव विचारून आल्यावर त्यानं त्या ठोकळ्यांना लांबूनच नमस्कार केला.

पहिली बसली ती सागाची फळी. कुणाच्या तरी पाडलेल्या घराचा दरवाजा गिरधरनं स्वस्तात मिळवला, रंधा मारून आरशासारखा केला आणि वर ठोकला. नारळ फुटला. तोताराम स्टुलावर बसला, पाय खाली सोडले, चामडं पसरलं, रापी लावली. दोन बोटं रेघ सरळ गेली. मग पातं सागाच्या रेषेत शिरलं आणि लाकडाला जिकडं जायचं होतं तिकडं निघून गेलं. पहिला पट्टा हातात आला तो एका ठिकाणी तीन बोटं रुंद आणि एका ठिकाणी एक. उन्हात टाकला असता तर पोरांनी साप म्हणून मारला असता.

तोताराम म्हणाला, लाकूड वाकडं आहे. गिरधर म्हणाला, लाकडाची रेषा जन्मजात असते, हात वाकडा आहे. यावर दोघांचं बोलणं बंद झालं. गिरधर पाणी प्यायला यायचा तो कुंदाबाईशी बोलून जायचा.

आता गौतमचंदशेठ पुढे सरसावले. शेठ मारवाडी जैन, चामड्याला शिवायचे नाहीत, पायात बारा महिने कॅनव्हासचे बूट. पण समोरच्या टेबलाची काळजी त्यांना स्वतःच्या गल्ल्याएवढी लागली होती. काही वर्षांपूर्वी सरकारनं त्यांच्या हातातला गज काढून मीटर दिला होता, आणि त्याबद्दल ते अजूनही कुणी ऐकणारा भेटला तर बोलायचे. त्यांनी सांगितलं की आता रस्त्यांचाही गज काढून घेतलाय. मैलांचे दगड उपटून किलोमीटरचे लावतायत. उपटलेले दगड सडकेच्या कडेला लोळतायत, गँगवाल्या बाया त्यांच्या चुली मांडतायत. एक बाजू घासून गुळगुळीत केलेला, उंच, चपटा दगड. कुजणार नाही, वाळवी लागणार नाही, आणि कुणी मोलही मागणार नाही.

सडकेच्या मुकादमाला तोतारामनं रीतसर विचारलं. एक दगड कमी वाहावा लागेल म्हणून मुकादमानं तो गाडीत चढवायला स्वतःची माणसं दिली. दगड टेबलावर चढला आणि टेबलाचे चारही पाय चार बोटं जमिनीत गेले. वरची बाजू गुळगुळीत होती. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या रंगाचे आणि चुन्याचे थर बसले होते, हात फिरवला तर सपाट लागायचे. पातं बोथट होऊ नये म्हणून कापायच्या वेळी तोताराम दगडावर जुन्या मोटेचं जाड चामडं अंथरायचा, आणि ठोकायच्या वेळी ते काढून थेट दगडावर ठोकायचा. रेघा अजूनही सरळ येत नव्हत्या, पण तळ मात्र असे घट्ट होऊ लागले की गौतमचंदशेठनी आल्या-गेल्याला सांगायला सुरुवात केली की ही कल्पना त्यांची.

दहा-बारा दिवस ठोकाठोक झाली. त्या ठोकाठोकीनं दगडाचे जुने थर हळूहळू सुटत होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शालिग्राम हा केळीचा बागायतदार, गावातला मातब्बर माणूस. त्यानं पोळ्याच्या चपला सणाची वाट न बघता करून घेतल्या आणि त्याच दिवशी घालून निघाला. पावसानं ओढ दिली होती, म्हणून केळीला पाणी द्यायला मळ्यात जातो, असं घरी सांगितलं. दुपारी त्याची बायको बेबाबाई डोक्यावर जेवणाची पाटी घेऊन निघाली, तर वाटेच्या धुळीत तिला पावलं दिसली. साधी पावलं नव्हेत. प्रत्येक पावलाच्या मधोमध स्वच्छ अक्षरं उमटली होती: भुसावळ ११. पुढचं पाऊल, भुसावळ ११. त्याच्या पुढचं, भुसावळ ११.

बेबाबाई चौथी शिकलेली होती. क्षणभर ती चरकली, मग तिनं नीट बघितलं. डावं पाऊल बाहेर फेकत चालायची ती ढब तिनं वीस वर्षं बघितली होती. तिनं अक्षरांचा माग काढला. मळ्याचा रस्ता उजवीकडं वळला आणि भुसावळ डावीकडं गेलं. गेलं ते बंद पडलेल्या एका गोदामाच्या दारापर्यंत. आत पत्त्यांचा डाव रंगात आला होता आणि दाराशी नव्या कोऱ्या चपला वाट बघत होत्या. बेबाबाई आत गेली नाही, ओरडली नाही. तिनं चपला उचलल्या, पाटीत भाकरीवर झाकलेल्या फडक्यावर ठेवल्या आणि घरी आली. ती पाटी तिनं रात्री तशीच नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली, असं नंतर कळलं.

त्या तिसऱ्या प्रहरी शालिग्रामला गोदामाच्या दाराशी चपला दिसल्या नाहीत, धुळीतली अक्षरं तेवढी दिसली. तो अनवाणी, तापलेल्या धुळीतून उड्या मारत बाजारगल्लीत आला. मातब्बर माणूस, पण आवाज चढवायची सोय नव्हती, कारण चढवला तर कारण सांगावं लागलं असतं. तो तोतारामच्या कानाशी वाकला आणि दातओठ खात म्हणाला, "तोताराम, मी तुले चपला करायले सांगल्या होत्या. माह्या पायाले सरकारी पाटी लावायले कोन सांगलं?"

तोतारामनं दगडावरचं चामडं उचललं. रंग-चुना गेला होता आणि घडीव अक्षरं खोल, काळी, दात काढून हसत होती. ओल्या तळावर ती उलटी आणि उठावदार बसत, म्हणून चपलेकडं बघून कुणाला वाचता येत नव्हती. धुळीत मात्र ती सुलट व्हायची. आणि शालिग्राम एकटा नव्हता. अजून सहा जोड गावात फिरत होते. त्या आठवड्यात बोदवडची प्रत्येक वाट भुसावळला जात होती, शाळेचीसुद्धा, देवळाचीसुद्धा.

दगड उतरवायला चार हमाल लागले. कुंदाबाईनं तो मोरीशी टाकून घेतला. धुणं आपटायला तिला बरेच दिवसांपासून असाच एक हवा होता. गौतमचंदशेठनी कल्पना कुणाची होती हे सांगायचं बंद केलं. सागाची फळी परत वर गेली, आणि गिरधर परत बोलू लागला.

पोळ्याला आता महिना राहिला होता. पट्टे तसेच वाकडे येत होते. तोताराम सकाळपासून फळीला शिव्या घाली आणि संध्याकाळी हातांना. एके दिवशी कुंदाबाई दुपारचा चहा घेऊन आली आणि टेबलापाशी थांबली. तिचं लक्ष वर नव्हतं, खाली होतं. बराच वेळ बघून ती म्हणाली, "आवं, तुमचा पाय खाली काय शोधू रायला?"

तोतारामनं वाकून बघितलं. वर रापी चालली की खाली उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं, मिटत होतं. हवेत. आपला प्रवेश कधीचा होऊन गेला आणि कुणी बोलावलंच नाही, अशा नटासारखे ते दोन पाय टेबलाच्या अंधारात उभे होते. फळीचा दोष नव्हता, दगडाचाही नव्हता. चार हातांचा कारागीर दोन हातांनी काम करत होता.

रोग कळला म्हटल्यावर तोतारामनं त्याच क्षणी औषध शोधलं. हातांना पाय पाहिजेत, आणि पाय तर टेबलाच्या खाली. मग पायांना वर आणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टुलावर चढला, स्टुलावरून टेबलावर चढला, भर बाजारात गल्लीच्या मधोमध सागाच्या फळीवर मांडी घालून बसला, आणि काम चालू केलं.

आणि काय काम झालं! उजवा अंगठा आपल्या जागी, डावी टाच आपल्या जागी. सागाच्या रेषेनं पात्याला ओढून बघितलं, पायांनी चामडं सोडलं नाही. पट्टे सुतासारखे निघू लागले. लोक जमले. माणूस जमिनीपासून तीन फूट उंच, डोक्यावर कडुनिंबाची कमान, पुढे प्रेक्षक. तोताराम खुलला. मिशीला पीळ देऊन प्रत्येक पट्टा वर धरून दाखवू लागला, आणि लोक दाद देऊ लागले. गौतमचंदशेठनी दुकानातून खुर्ची आणून पहिल्या रांगेत टाकली. डॉक्टरांनी टेबल सांगितलं होतं, टेबल झालं. डॉक्टरांनी टेबलाच्या कुठल्या अंगाला बसायचं सांगितलं होतं, त्याची आठवण कुणाला राहिली नाही.

गुडघ्यांना राहिली. दुपारी जेवायला उतरायचं म्हणून त्यानं पाय सोडायला घेतले, तर पाय सुटेनात. मांडी घातली तशीच बसली. जमिनीवर असताना निदान बुंध्याला मिठी मारता यायची, इथं चारी बाजूंना हवा. अर्धा तास तो काम चालू असल्याचा बहाणा करत तसाच बसून राहिला. कापलेलेच पट्टे परत मोजले. शेवटी त्यानं डोळ्यांनीच गिरधरला खूण केली.

गिरधर आणि दोन हमालांनी खालून हात घालून त्याला उचललं. मांडी मोडत नव्हती म्हणून मांडीसकट उचललं, विसर्जनाला गणपती उतरवतात तसं, सांभाळून, एक जण पुढे वाट करत. नेमका त्याच वेळी स्टेशनाकडून पितांबर आला. पोळ्यासाठी बायकोला, लताबाईला, आणि तान्ह्या पोराला माहेरी सोडायला तो आला होता. सासरे हवेत तरंगत आपल्याकडं येताना बघून तो हातातल्या पिशव्यांसकट थांबला. त्यांना जमिनीवर ठेवलं तरी ते त्याच बैठकीत. तोतारामनं बसल्या बसल्याच "या, जावईबापू," म्हटलं.

पितांबर हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेच तोतारामला जास्त लागलं. "मामा, बठ्ठं गाव देखी राहिनं," तो हळूच म्हणाला. "पोळा झाया का मी तुम्हले लई जास." यावेळी तो विचारत नव्हता, घेऊन जातो म्हणून सांगत होता.

संध्याकाळी तोताराम खाटेवर पडून होता, गुडघ्यांवर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी. पितांबर स्टेशनावर परतला होता. लताबाई विहिरीवर गेली होती. पोर पाळण्यात, आणि कुंदाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तोताराम छताला सांगत होता की हात वर असले की पाय खाली राहतात आणि पाय वर घेतले की माणूस खाली येत नाही. पाय काही टेबलापर्यंत लांब होणार नाहीत. देवानंच ते अंतर चुकवलंय.

कुंदाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. तिचा उजवा पाय संथपणे पुढे-मागे होत होता. पायाच्या अंगठ्याला दोरी बांधली होती आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, खोलीच्या पार त्या कोपऱ्यात, पाळणा हलत होता. मान वर न करता ती म्हणाली, "माहा पाय अठी, पाळना तठी. दोरी असली का पाय कुठीबी पोचते."

तोतारामनं छताशी बोलणं बंद केलं. भाकरी करपायच्या आत तो खाटेवर उठून बसला होता.

सकाळी त्यानं एक रुंद वादी घेतली. चामड्यावरून आडवी टाकायची, तिची दोन्ही टोकं फळीतून खाली न्यायची, खाली त्यांचा फास करून त्यात पाऊल अडकवायचं. पाऊल खाली दाबलं की वर चामडं जखडलं. पाऊल उचललं की सुटलं. म्हणजे पायाचा अंगठा जे करायचा तेच, फक्त अडीच फुटांवरून. फळीला वीतभर अंतरावर दोन भोकं पाहिजेत, एवढंच. गिरधरनं गिरमिट लावलं. दुसरं भोक अर्ध्यावर आलं आणि सागाची फळी एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत चिरत गेली. गिरधरनं मान्य केलं की लाकडाच्या रेषेत कधी कधी खोट असते.

आता माथा ठरला. ठोकाठोक सोसणारा, पात्याला सांभाळणारा, भोकं पाडली तरी न चिरणारा. लाकूड उभं फाडलेलं नको, बुंध्याची आडवी कापलेली चकती पाहिजे, म्हणजे पातं रेषांच्या टोकांवर पडेल आणि रेषा त्याला कुठं पळवून नेणार नाहीत. आणि लाकूड चिंचेचं. जळगावच्या भावाची तर गोष्टच नको. पण बोदवडच्या शिवारात एक चिंच दोन वर्षांपूर्वी वाऱ्यानं आडवी झाली होती आणि तशीच वाळत पडली होती. तिच्यावर हडळ राहते असं सगळ्या गावाला माहीत असल्यानं सरपणाला तिची काटकीसुद्धा कुणी घरी नेली नव्हती. फुकटात याहून चांगलं वाळलेलं लाकूड तालुक्यात नव्हतं. अडचण एकच होती. चिंच शालिग्रामच्या बांधावर पडली होती.

शालिग्राम तोतारामला बघून रस्ता बदलायचा. शेवटी कुंदाबाई गेली, ती सरळ बेबाबाईकडं. गोदामाच्या त्या दुपारनंतर मळ्याच्या चाव्या बेबाबाईच्या कमरेला आल्या होत्या. तिनं कुंदाबाईला पाटावर बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. "न्या की," ती म्हणाली. "वाटलं तर बठ्ठं झाड न्या. पन आमच्या मालकायच्या चपला त्याच दगडावर ठोकत जा."

हडळीच्या भीतीनं करवतीच्या दुसऱ्या टोकाला धरायला कुणी तयार होईना. मग एका टोकाला गिरधर आणि दुसऱ्या टोकाला स्वतः कुंदाबाई उभी राहिली, पदर खोचून. आदल्या रात्री घरात हडळ आणायची नाही म्हणून तिनंच तोतारामशी कडाक्याचं भांडण केलं होतं. मग तिनं हिशेब केला की नरडाण्याला गेलं तर धुण्याचा दगड इथंच टाकून जावं लागेल, आणि लिंबू ओवाळून करवत धरली. बुंध्यातून हडळ निघाली नाही. एक विंचू निघाला, त्याला गिरधरनं वहाणेखाली घेतलं. चार बोटं जाडीची चकती सुटली, पाटाएवढी रुंद. लोहारानं तिला कडेनं लोखंडी पट्टी तापवून बसवली. तीन दिवस ती करडईचं तेल पीत राहिली. मग गिरमिट फिरलं, दोन भोकं पडली, आणि चकतीनं हूं की चूं केलं नाही.

तोताराम स्टुलावर बसला. वादी वरून, फास खाली, उजवं पाऊल फासात. पहिल्या क्षणी पाय बिचकला. चामडं दिसत नाही, पायाच्या बोटांना लागत नाही, नुसती वादी ताणलेली. मग त्याला वादीतून वरचं कातडं कळलं, कुठं जाड, कुठं पातळ. अंगठ्यानं फासाची कड घट्ट धरली. रापी निघाली ती टोकाला जाऊन थांबली. तोतारामनं पट्टा डोळ्यापुढं धरला आणि एका डोळ्यानं त्याच्या कडेकडं बघितलं. बघून पिशवीत टाकला आणि दुसरं चामडं घेतलं.  पुढचे बारा दिवस गल्लीत फक्त ठोकण्याचा आवाज होता.

पोळ्याच्या दिवशी पितांबर सकाळच्या गाडीनं आला. मॅनेजरला उद्या उत्तर द्यायचं होतं. बैल रंगवून, झुली घालून वेशीकडं निघाले होते, वाजंत्री लागली होती. एवढ्यात शालिग्रामचा मानाचा बैल गल्लीत आला, मागून शालिग्राम. बैलानं मान झटकली आणि घुंगरांच्या पट्ट्याची जुनी कडी चामड्यासकट फाटून आली. वेशीच्या तोरणाखालून पहिला जायचा मान शालिग्रामचा होता, आणि बैल बिनघुंगरांचा. रुसवा धरायला वेळ नव्हता. त्यानं पट्टा टेबलावर टाकला. बैलानं तोवर गौतमचंदशेठच्या दारावरचं झेंडूचं तोरण खायला घेतलं. शेठ त्याला हात जोडून समजावत होते.

तोतारामनं पट्टा वादीखाली घेतला. पाऊल खाली गेलं. फाटका भाग कापला, नवं चामडं लावलं, आरीनं भोकं पाडली, टाके घातले, दोनदा ठोकलं. पाऊल वर आलं. मग तो टेबलाला हात न लावता स्टुलावरून उठला, चार पावलं चालत बैलापाशी गेला, आणि पट्टा स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात बांधून परत आला.

पितांबर पट्ट्याकडं बघत नव्हता. तो गुडघ्यांकडं बघत होता. वाजंत्री पुढे गेल्यावर त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मामा," तो म्हणाला, "मी मॅनेजरले काय सांगू?"

"सांगा," तोताराम म्हणाला, "मामाले दुसरीकडं काम लागलं."

पुढे चौदा वर्षं ते टेबल कडुनिंबाखाली होतं. पहूर-जामनेरहून चर्मकार मंडळी ते बघायला येत. कल्पना कुणाची म्हणून विचारलं की तोताराम "घरात सुचली" एवढंच सांगायचा, आणि कुंदाबाई जवळ असली तर तेवढं तरी खरं सांगितलं म्हणून चहा मिळायचा. आलेल्या माणसाला टेबलाचं माप घ्यायची घाई असायची. तोताराम त्याला आधी जमिनीवर बसवून हातात रापी द्यायचा आणि त्याच्या पायांकडं बघत राहायचा. कुणाचा डावा पाय कामाचा, कुणाचा उजवा, कुणाची नुसती टाच. ते कळल्याशिवाय भोकं कुठं पाडायची ते तो सांगत नसे.